सगळ्यांचं बंद आहे

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते साचतात. उन्हाळ्यात माठाखाली जसा ओला डाग पडतो, तसे. आपण काही करायचं नाही, फक्त फोन उचलायचा. पंकज म्हणतो, कुठेतरी लिहून ठेव. पण लिहायला बसलं की फोन वाजतो आणि एक किस्सा वाढतो.

पंकज माझा पार्टनर. मूळचा सटाण्याकडचा, तोंडात शब्द कमी आणि डोकं थंड. गंगापूर रोडवर एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे मी, पंकज आणि एक एसी, जो फक्त आवाज करतो. लोकांच्या वेबसाइट चालू ठेवणं हे आमचं काम. साइट पूर्ण बंद पडली तर आम्ही घाबरत नाही. काय बिघडलंय ते समोर दिसतं आणि दुरुस्त करता येतं. घाबरतो ते अर्ध्या बंदला. एकाला उघडते, दुसऱ्याला नाही. आमच्या टेबलावर झकास चालते आणि फोनवरचा माणूस शपथेवर सांगतो की बंद आहे. त्याला कसं समजावणार की बाबा रे, दुकान उघडंच आहे, तुझ्या गल्लीतून इकडे येणारा रस्ता कुठेतरी अडलाय?

आता सांगतोय ते सगळे किस्से एकाच आठवड्यातले. त्या आठवड्यात मी जेवलो कधी ते मला आठवत नाही.

* * *

मंगलाताई वधू-वर मंडळ चालवतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, घोटी, इगतपुरी, कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे ते त्यांना पाठ. दरवर्षी त्यांचा मोठा मेळावा असतो. यंदा त्यांनी कागदी फॉर्म बंद केले आणि सगळं वेबसाइटवर आणायला सांगितलं. मी म्हटलं, ताई, एकदम? तर म्हणाल्या, "फॉर्मवर बाप सही करतो. पोरीला पत्ताच नसतो. मला मुलीचा होकार मुलीच्या हातून हवाय."

म्हणून आम्ही प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. आपल्या पासवर्डने आत जायचं, स्थळं बघायची, शुक्रवारपासून पसंत असेल तिथे होकाराचं बटण दाबायचं. होकार गेला की रविवारी मेळाव्यात दोन्ही घरांची भेट ठरली. फोनवरचा होकार ताई घेणार नव्हत्या. बटण म्हणजे बटण.

सोमवारी सकाळी ताईंचा फोन. "साइट बंद आहे. सगळ्यांची."

आमच्याकडे तर चालू होती. मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला. "सगळे म्हणजे कोण, ताई?"

"सगळे म्हणजे सगळे."

"हो, पण कोण कोण?"

"मी आणि आमचे हे."

मी हसलो. तिथेच चुकलं. ताईंचा आवाज खाली आला. "हसताय काय? घोटीकडून पण फोन येतायत. रविवारी हॉल रिकामा राहिला ना, तर लोक म्हणतील, बाईने कागद सोडला आणि पोरापोरींची लग्नं अडवली. माझं उभ्या आयुष्याचं नाव जाईल. मग सोमवारी मी पुण्याच्या कंपनीला फोन करीन, तुम्हाला नाही."

ताई आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाईक. त्या गेल्या की आमच्या दोन खुर्च्यांपैकी एक उठणार हे उघड होतं. आणि पंकजचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. ताईंच्याच मंडळातून. मी फोन स्पीकरवर घेतला होता. पंकजने कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

* * *

अर्ध्या बंदचा शोध म्हणजे तक्रार करणाऱ्या एकेकाला फोन लावायचा आणि त्याचा रस्ता कुठे अडतो ते बघायचं. पहिला फोन त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना. त्यांचा मुलगा लग्नाचा.

"साइट दोन दिवस बंद आहे," गुरुजी लँडलाइनवरून म्हणाले. "काहीच उघडत नाही."

"मोबाइलवर काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट पाठवा."

बराच वेळ गेला. मग त्यांच्या सौभाग्यवतींच्या फोनवरून एक फोटो आला. गुरुजींच्या फोनचा फोटो. त्यात गुरुजींचा अंगठा, मागे ताम्हण, बेलाची पानं आणि मधोमध स्क्रीन. पंकजने फोटो मोठा केला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे छोटंसं विमान होतं.

"गुरुजी, तुमचा फोन विमानात आहे."

"असणारच," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पूजा सांगताना फोन वाजलेला यजमानांना चालत नाही. बसताना विमानात टाकतो, उठताना काढायचा राहून जातो."

गुरुजींची साइट चालू झाली. आमची अडचण होती तिथेच होती आणि मंगळवार उजाडला होता.

* * *

इंदिरानगरच्या एक काकू. त्यांची तक्रार मात्र खरी निघाली. नेट चालू, बाकी सगळं उघडतं, फक्त ताईंची साइट नाही. मी म्हटलं, "काकू, वायफाय बंद करा आणि मोबाइलच्या नेटवर बघा."

"बंद करू? नक्की?"

"हो, नक्की."

खट्ट असा आवाज आला आणि लगेच मागून एका माणसाचं ओरडणं ऐकू आलं. "आई! मीटिंग चालू होती माझी!"

काकूंनी घरचा मेन स्विच पाडला होता. मी फोनमधलं वायफाय बंद करा म्हणत होतो, त्यांनी घरातलं केलं. त्यांचा मुलगा घरूनच काम करतो. त्याच्या साहेबांसमोर तो नेमका काय बोलत होता ते मी विचारलं नाही.

पण त्या गोंधळात कामाची गोष्ट हाती लागली. मोबाइलच्या नेटवर साइट उघडली. म्हणजे साइट ठीक, काकू ठीक, फोनही ठीक. त्यांच्या घरच्या नेटवरून येणाऱ्यालाच कोणीतरी दारात अडवत होतं.

* * *

मग घोटीतले एक मामा. भाचीसाठी स्थळ बघत होते. त्यांच्या फोनमध्ये जुनं काही अडकलंय का बघायला मी सहज म्हणालो, "मामा, जरा इन्कॉग्निटोमध्ये उघडता का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "सायेब, तसलं काय आपण वापरत नाय. घरात सुना हायेत."

पंकज खुर्चीवरून उठून बाहेर गेला आणि जिन्यात हसून आला. त्या आठवड्यातलं त्याचं ते पहिलं हसू. तेवढ्यात ताईंचा फोन आला आणि तेही मावळलं. घोटीकडच्या घरांपैकी निम्म्यांनी वैतागून नाद सोडलाय, अशी बातमी होती.

* * *

बुधवारी दुपारी पंकजला सापडलं.

सर्व्हरवर एक राखणदार प्रोग्राम असतो. कोणी सारखा सारखा चुकीचा पासवर्ड टाकायला लागला की तो त्याला चोर समजतो आणि त्या पत्त्यावरून येणारी वाट दिवसभर बंद करून टाकतो. ताईंच्या साइटवर मुलींचे फोटो, फोन नंबर, सगळं असतं. त्यामुळे राखणदार काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. गोम अशी की गावाकडे केबलवाला अख्ख्या गल्लीला मिळून नेटचा एकच पत्ता देतो. एकाने पासवर्ड चुकवला की गल्लीतले सगळे चोर. आमचा कुत्रा पाहुण्यांनाच चावत होता.

पण इतके लोक एकाच वेळी पासवर्ड का चुकवतायत? मी ताईंना विचारलं, "तुम्ही लोकांना पासवर्ड काय सांगितलाय?"

"सोपा. लक्षात राहील असा. इंग्रजीत नाशिक आणि पुढे जन्मसाल."

"ताई, नाशिकमध्ये एच आहे का?"

"म्हणजे?"

"स्पेलिंगमध्ये. एस नंतर एच आहे की नाही?"

ताई विचारात पडल्या. त्यांनी आतल्या खोलीत आवाज दिला, "अहो, नाशिकमध्ये एच आहे का हो?" आतून "आहे" असं उत्तर आलं. मग ताई म्हणाल्या, "पण आपल्या पाटीवर नाहीये. पावतीवर आहे. पेंटर वेगळा होता आणि प्रेसवाला वेगळा."

खात्यांमध्ये आम्ही एच घातलेला. ताईंनी फोनवर नुसतं नाशिक सांगितलेलं. मग निम्म्या जिल्ह्याने एच टाकला, निम्म्याने नाही. सोमवारी ताईंनी पाटीप्रमाणे टाकला होता, म्हणून त्यांची आणि त्यांच्या ह्यांची, दोघांची साइट बंद पडली.

पंकज म्हणाला, "जन्म इथे गेला आणि गावाचं नाव लिहिता येत नाही कोणाला."

आम्ही पासवर्डातून गावच काढून टाकलं. ज्याचा त्याचा नवा पासवर्ड ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवला, अडवलेल्या वाटा मोकळ्या केल्या आणि गुरुवारी सकाळी घोटी, इगतपुरी, त्र्यंबक, सगळीकडे फोन फिरवले. पंकजचं ऐकत होतो. ताण वाढला की त्याच्या तोंडून अहिराणी निघते. शेवटचा फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चालू शे."

आम्ही खाली जाऊन मिसळ खाल्ली.

* * *

शुक्रवारी होकार सुरू झाले आणि घोटी परत बंद.

सगळं घोटी नाही, बाजारपेठेकडची एकच बाजू. पण ताईंची बरीचशी स्थळं त्याच बाजूची. वाट मोकळी केली. शनिवारी सकाळी पुन्हा बंद. ताईंचा फोन आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर मी कागद फाडले हो." आणि फोन ठेवला.

पंकजने शोधून काढलं. एकच खातं. अश्विनी नावाच्या मुलीचं. दोन्ही दिवशी सकाळी चहाच्या वेळेला कोणीतरी त्या खात्यात पासवर्डवर पासवर्ड टाकत होतं आणि स्वतःबरोबर अख्ख्या गल्लीला बाहेर काढत होतं.

"आधी तिला फोन कर," पंकज म्हणाला. "पासवर्ड कसा टाकायचा सांग. नाहीतर उद्या सकाळी मेळाव्याच्या वेळी परत हेच."

मी खात्यातला नंबर लावला. मुलगी बसमध्ये होती. नाशिकला एका लॅबमध्ये काम करते, रोज घोटीहून ये-जा. मी म्हटलं, "तुमचा पासवर्ड चुकतोय. थांबा, मी नवीन करून देतो."

"नको, सर." ती पटकन म्हणाली. मग तिने आवाज खाली घेतला. "मी नाही टाकत आहे. बाबा टाकतायत."

बाबांनी एका स्थळाला मनातून पसंती देऊन टाकली होती. घर चांगलं, मुलगा चांगला, शेत रस्त्याला लागून. हिने घरात नाही म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, तुला काय कळतं. नोंदणी त्यांनीच केली होती, त्यामुळे जुना पासवर्ड त्यांना माहीत. आता तिच्या नावाने होकाराचं बटण ते स्वतः दाबणार होते.

"तुमचा नवा पासवर्ड माझ्या मोबाइलवर आला ना, तो मी घरात सांगितलाच नाही. बाबांना वाटतंय तो एच चुकतोय. काल घालून बघितला, आज काढून बघितला. मग साइटच बंद पडते आणि ते तुम्हाला शिव्या देतात."

"आणि बटण दाबलं गेलं तर? तुम्ही नंतर नाही म्हणू शकता."

"सर, बाबा वाईट नाहीत." ती म्हणाली. "पण चार लोकांत शब्द गेला की ते मागे येत नाहीत. स्वतःचं नुकसान झालं तरी येत नाहीत. सोमवारी मी पुण्याच्या हॉस्पिटलात रुजू होतेय. तिथे गेले की बोलायला मला जागा मिळेल, त्यांनाही विचार करायला वेळ मिळेल. मला एवढा रविवार जाऊ द्या. साइट चालू करू नका."

मी म्हटलं, तसं नाही करता येणार. तिथे तुमच्यासारख्या बाकीच्याही मुली आहेत. त्यांना होकार द्यायचाय. आणि हेही म्हणालो की साइट चालू झाली नाही तर आमचा धंदा जाईल. बसचा हॉर्न ऐकू येत राहिला.

फोन ठेवला तेव्हा पंकजने सगळं ऐकलेलं होतं. तो म्हणाला, "खातं कोणाचं?"

"तिचं."

"मग तिने सांगितलं, बंद कर, तर करायचं. त्यात काय."

आम्ही घोटीची वाट मोकळी केली आणि राखणदाराला सांगितलं, ती परत अडवायची नाही. फक्त अश्विनीचं एक खातं, तिला परत फोन करून, तिच्या होकाराने, थांबवून ठेवलं. पासवर्ड चुकला असं दिसलं तर बाबा नवा मागतील, म्हणून त्यात कोणी जायला लागला की एकच ओळ दिसेल असं केलं, 'तांत्रिक कारणामुळे सेवा बंद आहे.' ताईंना यातलं काही सांगितलं नाही. आपल्या मेळाव्यात कोणी लुडबूड केलेली त्यांना खपत नाही. कळलं असतं तर सोमवारची वाटसुद्धा बघितली नसती.

* * *

रविवारी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक उभे होते. पुढे मोठ्या पडद्यावर ताईंची साइट. एकेक होकार येत होता आणि ताईंचे हे लॅपटॉपसमोर बसून पुढचं नाव उघडत होते. घोटीची नावं धडाधड येत होती. पंकज पहिल्या रांगेजवळ वायरी सांभाळत उभा होता. त्याने लांबूनच मला अंगठा दाखवला. पण मला बसवत नव्हतं. होकार दुपारपर्यंत घ्यायचे होते आणि घड्याळ पुढे सरकायला तयार नव्हतं.

माझा फोन वाजला. साइटवर मदतीसाठी माझाच नंबर आहे.

"सायेब, घोटीवरनं बोलतोय. अश्विनीचा बाप."

मी एका कोपऱ्यात गेलो. नेमक्या तिथेच मंगलाताई उभ्या होत्या, हातात माइक, बटण बंद केलेलं.

"बोला, काका."

"ती तुमची साइट. कालपरवापासनं लय डोकं फोडलं मी. आज उघडली, तर आत गेलं की बंद हाय म्हणती. समोरची पार्टी तिथं येऊन बसलीय. आमच्या होकाराची वाट बघतीय. मी निघाया तयार हाय." मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. राग नव्हता त्यात, काळजी होती. त्यानेच मला जास्त त्रास झाला. "खरं सांगा. माझंच बंद हाय का सगळ्यांचं?"

समोर पडद्यावर एक नाव उघडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी फोनवर हात दाबून धरला.

"सगळ्यांचं बंद आहे, काका."

काकांनी विचारलं, "सगळे म्हंजी कोण?"

हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलो. कोणी मला विचारील असं वाटलं नव्हतं. मी परत फोन हाताने झाकला.

"कोण आहे?" ताईंनी विचारलं.

"घोटीहून. अश्विनीचे वडील."

"काय म्हणतात?"

"साइट बंद आहे म्हणतात. मुलीचा होकार त्यांना पाठवायचाय."

ताईंनी पडद्याकडे बघितलं. तिथे साइट मस्त चालली होती. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. आणि हात पुढे केला. मला वाटलं, संपलं. मी फोन दिला. पंकजने लांबून ते बघितलं आणि हातातली वायर खाली ठेवली.

"नमस्कार भाऊ, मंगलाताई बोलतेय," ताई म्हणाल्या. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. पुढे त्यांच्या ह्यांनी आणखी एक नाव उघडलं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"सगळे म्हणजे मी आणि आमचे हे," त्या म्हणाल्या. "दोघांचंही सकाळपासून बंद आहे."